हो, हवा ठीक आहे

"दादा, हवा ठीक आहे ना?"

मामेभावाने एवढंच विचारलं होतं. डिसेंबरचा पहिला शनिवार, सकाळचे सहा. ऑफिसमध्ये रिलीज होतं, कॉल चालू होता आणि मी एका हातात उघडा लॅपटॉप धरून दारात उभा होतो. तो माझी सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरायच्या तयारीत. मी पुढच्या टायरवर अंगठा दाबला, मागच्यावर दाबलाच नाही, आणि म्हणालो, "हो, ठीक आहे."

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. तरी गेलं वर्षभर हा 'हो' माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी सायकलबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझी माउंटन बाइक आहे, २९ इंची चाकांची, आणि तिच्या टायरमध्ये ट्यूब नाही. ट्यूबलेस म्हटलं की आपल्याला कार किंवा स्कूटर आठवते. सायकलमध्ये हा प्रकार उशिरा रुळला. माविक या फ्रेंच कंपनीने १९९९ मध्ये माउंटन बाइकसाठी ट्यूबलेसचं एक स्टँडर्ड आणलं, तिथून पुढे त्याने जोर धरला. कारचा टायर जाडजूड असतो, त्यात खिळा रुतला तरी तो खिळाच भोक बऱ्यापैकी बंद करून बसतो. सायकलचा टायर त्या मानाने पातळ. म्हणून त्यात एक द्रव घालतात, सीलंट. दिसायला पातळ ताकासारखं, बऱ्याच ब्रँडचं नाक चुरचुरवणाऱ्या अमोनियाच्या वासाचं. मुळात ते लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकासारखं. एका टायरला साधारण १०० मिलिलिटर. चाक फिरलं की ते आतून सगळीकडे पसरतं. काटा घुसला की हवा भोकातून बाहेर पळायला लागते, तिच्याबरोबर हे द्रवही जातं, त्यातले रबराचे कण भोकाच्या तोंडाशी अडकतात, एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजतं. हे सगळं काही सेकंदांत. चालवणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही.

ज्याने पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर सायकल चालवली आहे त्याला हा चमत्कार का वाटतो ते सांगायला नको. दिवाळीनंतर गवत वाळतं, आणि त्याच्याबरोबर सराटे पिकतात. जमिनीलगत पसरलेली ती साधीशी पिवळ्या फुलांची वेल, पण तिच्या फळाला असे काटे की ते कसंही पडलं तरी एखादा काटा वर तोंड करून राहणार. शिवाय बाभूळ आहेच. ट्यूबवाल्या दिवसांत एका हिवाळ्यात मला इतकी पंक्चर झाली की आमच्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका माझ्याकडून प्रत्येक ठिगळाचे पैसे घ्यायचे थांबले आणि आठवड्याचा हिशोब ठेवायला लागले. काट्यांचं एक सोडलं तरी दुसरं कारण होतं. ट्यूबमध्ये हवा कमी ठेवली तर दगडावर आपटल्यावर ती दगड आणि रिम यांच्यात चिमटते, आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून टायर टणक ठेवावा लागतो, आणि टणक टायर बसाल्टच्या सुट्या दगडांवर चेंडूसारखा उडतो. ट्यूबच नसेल तर चिमटायला काही नाही. माझ्या ७० किलो वजनाला २२ ते २४ पीएसआय हवा पुरते, टायर दगडाला मिठी मारून जातो.

टायर निवडायला मी तीन आठवडे घेतले होते. एक्सेल शीट केली होती. (हसा. इंजिनिअर लोकांना प्रेमातसुद्धा कॉलम लागतात.) वजन किती, टायरच्या कापडात दर इंचाला धागे किती, ६० की १२०, कारण धागे जास्त असतील तर टायर हलका आणि लवचिक होतो पण काट्यादगडाला नाजूक. रबर मऊ घ्यावं तर पकड चांगली पण झिजतं लवकर. बाजूच्या भिंतीला जादा थर असावा का, कारण आपल्याकडचे दगड टायर तळातून कमी आणि कुशीतून जास्त फाडतात. शेवटी पुढे रुंद, खोल नक्षीचा, जाड कुशीचा टायर घेतला, कारण वळताना पुढचं चाक सुटलं तर माणूस पडतोच. मागे थोडा हलका. शीटमधला हा निर्णय मी आजही कोणासमोरही डिफेंड करू शकतो.

त्या शीटमध्ये एक कॉलम नव्हता. सीलंट वाळतं. ते वाळलं पाहिजेच, कारण वाळण्याच्या गुणामुळेच ते भोक बुजवतं. बाटलीवर लिहिलेलं असतं की दर काही महिन्यांनी पाहा आणि भर घाला. थंड, दमट हवेत ते बरंच टिकतं, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बाल्कनीत उन्हात उभ्या केलेल्या सायकलीत दोन-तीन महिन्यांत आटू शकतं. मी पाडव्याच्या सुमारास भरलं होतं. आणि मला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. फोनवर रिमाइंडर लावला होता, 'सीलंट', दर तीन महिन्यांनी. जूनच्या शेवटी तो वाजला तेव्हा पावसाळा होता, सायकल तशीही उभीच होती, मी पुढे ढकलला. सप्टेंबरच्या शेवटी वाजला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. बोटाने बाजूला सारला.

नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी आठवड्यातून एकदा हवा मारावी लागायची, आता दर तिसऱ्या दिवशी लागायला लागली. मी मारत होतो. पंपाचे दहा-पंधरा झटके, काम झालं. दर वेळी मनात येऊन जायचं की एकदा उघडून बघायला हवं, आणि दर वेळी हेही यायचं की आजवर काही झालेलं नाही.

त्या शनिवारी साडेनऊला फोन आला. "दादा, पडलो. सायकलला काही नाही झालं, सायकल ठीक आहे." तो पहिल्यांदा सायकलबद्दल बोलला. तो एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारा. भुगावच्या मागच्या टेकडीवरून दोन मित्रांबरोबर उतरताना एका वळणावर पुढचं चाक सटकलं, त्याने उजवा हात टेकला आणि मनगटातलं एक छोटं हाड मोडलं. स्कॅफॉइड. इवलंसं हाड, पण त्याला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते हळू जुळतं. प्लास्टर कित्येक आठवड्यांचं. दहा दिवसांवर सेमिस्टरची परीक्षा. ती त्याने रायटर घेऊन दिली. खालच्या इयत्तेचा रायटर लागतो म्हणून अकरावीतला एक मुलगा मिळाला होता, आणि याने त्या बिचाऱ्याला एम-थ्रीच्या पेपरात तीन तास लाप्लास ट्रान्सफॉर्म तोंडी सांगितले. हे तो रंगवून सांगतो, आम्ही सगळे हसतो. एम-थ्री राहिला, हे सांगताना तो एवढा रंगवत नाही.

पडण्याची त्याची गोष्ट सरळ होती. "वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबला. मूर्खपणा." मित्र म्हणाले, पडला आणि टायर रिमवरून निघून हवा गेली. मामी साताऱ्याहून आली होती, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू नको वाईट वाटून घेऊ. तोच धसमुसळा आहे लहानपणापासून."

रात्री मी सायकल बाल्कनीत उलटी केली आणि पुढचा टायर काढला.

आत थेंबभरही द्रव नव्हतं. दुधावरच्या सायीसारखा वाळलेला पापुद्रा टायरला चिकटलेला, एका बाजूला रबराचा एक गोळा, सुपारीएवढा. आणि आतून काटे. मी मोजले. ३१. काहींची टोकं मिलिमीटरभर बाहेर, काहींभोवती जुन्या लॅटेक्सची बोंडं, म्हणजे ते पूर्वीच बुजलेले. सात-आठ अगदी नागडे. हे काटे स्वतःच बुचासारखे बसले होते, सायकल उभी असताना हवा धरून ठेवत होते. चालवायला लागलं, टायर वाकायला लागला की त्यांच्या कडेने हवा थोडी थोडी जाणार. रिमच्या काठावर एक ताजा ओरखडा होता, जवळपास एक तृतीयांश घेरभर. एका पडण्यात असा ओरखडा येत नाही. रिम दगडांना लागत लागत खाली उतरली असेल तरच येतो.

रोज सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माणसाला हे वाचायला अवघड नव्हतं. तरी शंभर टक्के खात्री देता येत नाही. तो तसाही पडला असता का? ब्रेक खरंच जास्त दाबला असेल का? ही घटना पुन्हा घडवून बघता येत नाही. पण अंगठ्याने दाबलेला टायर जाड कुशीचा होता, आणि जाड कुशीचा टायर १५ पीएसआयलाही अंगठ्याला टणकच लागतो. हे मला माहीत होतं. डिजिटल गेज ड्रॉवरमध्ये होता, दहा पावलांवर.

मी टायर पुसला, काटे चिमट्याने काढले, नवं सीलंट घातलं, आणि कोणाला काही बोललो नाही.

विल्यम क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणिती होता, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याने १८७७ मध्ये विश्वास ठेवण्याच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकाच्या गोष्टीने होते. जहाज जुनं आहे, वरचेवर दुरुस्ती लागलेली आहे, आणि ते परदेशी वसायला निघालेल्या माणसांना घेऊन जाणार आहे. मालकाच्या मनात शंका येतात. तपासणी करायची तर खर्च. मग तो स्वतःची समजूत घालतो, इतक्या सफरी केल्या, इतकी वादळं सोसली, ही पण पार पडेल. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज समुद्रात बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो आणि गप्प बसतो. क्लिफर्डचं म्हणणं, त्याचा विश्वास प्रामाणिक होता याने काही फरक पडत नाही, कारण समोर जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. आणि पुढे तो म्हणतो, समजा जहाज बुडलं नाही, सुखरूप पोचलं. तरी मालक तेवढाच दोषी.

हा निबंध मी कॉलेजात वाचला होता आणि तेव्हा मला तो म्हातारा, करडा वाटला होता. या वेळी वाचताना मी जहाजाच्या जागी टायर घालून बघितला आणि कुठेही अडलं नाही. दर तिसऱ्या दिवशी हवा मारणं म्हणजे वरचेवरची दुरुस्ती. 'आजवर काही झालेलं नाही' हे तर शब्दशः.

पण क्लिफर्डचं शेवटचं म्हणणं माझ्या गळी उतरत नाही, किंवा निदान माझं मन तसं वागत नाही. त्याच टायरवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी स्वतः वीसेक वेळा टेकडी उतरलो. त्या वीस वेळांचं मला काहीच वाटत नाही. याआधी सायकल दोनदा एका कलीगला दिली होती, तो धडधाकट परत आला, त्याचंही काही वाटत नाही. चूक तीच, तेवढीच. थॉमस नेगल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये याच कोड्यावर लिहिलं, बर्नर्ड विल्यम्सबरोबर. त्याच्या उदाहरणात एक ट्रकवाला आहे ज्याने बऱ्याच दिवसांत ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. एखादं मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देत राहील. मूल आलं नाही तर तो फक्त थोडा निष्काळजी माणूस. मूल आडवं येणं त्याच्या हातात नाही, तरी त्याचा सगळा दोष त्यावर ठरतो. नेगल हे कोडं सोडवत नाही, नुसतं समोर ठेवतो. मला आता वाटतं, क्लिफर्ड बरोबर आहे आणि आपण नेगलच्या ट्रकवाल्यासारखे जगतो, कारण रोज क्लिफर्डच्या हिशोबाने जगायचं तर झोप लागणार नाही.

आमच्या धंद्यात यावर एक तोडगा आहे, ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम. सिस्टिम पडली की कोणाचं चुकलं असं विचारायचं नाही, चूक व्हायला वाव कुठे होता ते विचारायचं. ही पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूने भांडलो आहे. भीती गेली की माणसं खरं सांगतात. मी मनातल्या मनात तसं एक पोस्टमॉर्टेम लिहिलं. मूळ कारण, ट्यूबलेस यंत्रणेत बिघाडाची सूचना मिळण्याची सोय नाही. आणि हे खोटं नाही. ट्यूब पंक्चर झाली की ती तुम्हाला रस्त्याच्या कडेला बसवते, लाज आणते, काकांकडे पाठवते. सीलंट छोटी बिघाडं गिळून टाकतं, आणि त्याबरोबर त्यांची बातमीही. आम्ही कोडमध्येही हेच करतो, कॉल फेल झाला तर तीनदा आपोआप पुन्हा करा, कुठेतरी एक वॉर्निंग लिहून ठेवा जी कोणी वाचत नाही. मग एके दिवशी सगळंच बसतं आणि आपण म्हणतो, काल तर चालत होतं. जी वस्तू आपली आपण दुरुस्त होते तिच्या मालकाचं दुरुस्तीचं काम वाचतं, बघण्याचं वाढतं. मी पहिलं वाचलं म्हणून खूश होतो, दुसरं वाढलं ते मोजलंच नाही.

सुंदर पोस्टमॉर्टेम होतं. फक्त त्यात सप्टेंबरचा रिमाइंडर आला नव्हता, ड्रॉवरमधला गेज आला नव्हता, आणि मुख्य म्हणजे ते मी कोणाला दाखवलं नव्हतं. कोणाला न दाखवलेल्या पोस्टमॉर्टेममध्ये ब्लेम नसतोच.

तीन आठवडे असे गेले. मला वाटत होतं की मी झुरतोय म्हणजे माझं प्रायश्चित्त चालू आहे. अपराधी वाटणं हे माझं खाजगी काम असल्यासारखं मी ते प्रामाणिकपणे करत होतो. रात्री क्लिफर्ड वाचत होतो. त्याच वेळी तो हॉस्टेलवर मित्रांना सांगत होता की पुन्हा सायकलवर बसणार नाही, आपल्याला जमत नाही. हे मला मामीकडून कळलं, तेही सहज, "बरं झालं, नाद सुटला," अशा सुरात.

जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा एक्स-रे होता, मी बरोबर गेलो. नंतर हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर चहा घेतला. तो डाव्या हाताने क्रीमरोल खात होता, निम्मा चुरा टी-शर्टवर. मी सगळं सांगितलं. सीलंट, ३१ काटे, रिमवरचा ओरखडा, अंगठा. मी तयारी केली होती की तो म्हणेल 'जाऊ दे रे दादा', किंवा चिडेल.

तो म्हणाला, "म्हणजे मी ब्रेक बरोबर दाबला होता?"

"नक्की नाही सांगता येणार. पण टायर आधीच बसला होता. तसा टायर ब्रेक न दाबताही सुटू शकतो."

तो रस्त्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"त्याच रात्री."

"त्याच रात्री," तो म्हणाला. चहा संपवला. बिल त्याने दिलं, मला देऊ दिलं नाही, डाव्या हाताने पाकीट उघडायला त्याला बराच वेळ लागला आणि मी तिथे उभा राहिलो.

टायरबद्दल तो एकदाही चिडला नाही, आजपर्यंत नाही. त्या तीन आठवड्यांबद्दल महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. हा हिशोब मी वर्षभर उलटसुलट करून बघितला आहे आणि मला तो चुकीचा वाटत नाही. टायर मी बघितला नाही. हे मात्र बघितलं होतं, मोजलंही होतं, आणि त्याची जी गोष्ट होती, तो का पडला याची, ती माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली होती.

मामीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. जेवलास का?"

त्याने एम-थ्री नंतर सोडवला. मनगट जुळलं, थंडीत थोडं दुखतं म्हणतो. सायकलवर तो ऑगस्टमध्ये पुन्हा बसला, मी म्हणालो म्हणून नाही, त्याच्या त्या दोन मित्रांनी ओढून नेलं. दिवाळीनंतर एकदा सकाळी माझ्याकडे आला, टेकडीवर जायचं म्हणून. सीलंट मी सहाच दिवसांपूर्वी भरलं होतं, व्हॉल्व्हमधून केबल टाय घालून पातळी बघितली होती, २३ पीएसआय हवा होती, गेजने मोजलेली, सगळं वहीत लिहिलेलं. मी वही आणायला आत वळलो.

बाहेर आलो तर त्याने पुढचं चाक काढून कानाशी धरलं होतं आणि हलवत होता. आत द्रव असेल तर डचमळल्याचा बारीक आवाज येतो. तो ऐकला, चाक बसवलं, मागचं काढलं, तेही ऐकलं. मग खिशातून स्वतःचा गेज काढला.

मला त्याने काही विचारलं नाही.